महिपतचा बसका बैल

कापड्याच्या वरच्या वाडीत हैबतीइतका बैल कुणालाच कळत नव्हता, आणि जोताला बैल नव्हता तो हैबतीच्याच. ह्यापरती थट्टा दुसरी कुठली? लोकांनी ती पोटभर करून घेतली. दुकानाच्या फळीवर बसलेला कुणीही उठायचा आणि म्हणायचा, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा!" हैबती मान डोलवून म्हणायचा, "रिकामा हाय तो कोसा. दुसरा हायेच कुठं?" मग थट्टा करणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

आनंदीबाईला मात्र हसू येत नव्हतं. ती त्याची बायको. लोक थट्टा करून घरी जायचे, आणि रिकामं जू रोज बघायचं ते हिनं.

कोशाच्या जोडीचा बैल चांद्या वैशाखात गेला. वरच्या खाचराचा बांध सुकून भुसभुशीत झाला होता, त्याच्यावरून पाय सुटला आणि खालच्या दगडात मानेवर आला. हैबती धावत गेला, बैलाचं डोकं मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडला. पण रडता रडता त्याचा एक हात चांद्याच्या मानेवरून खाली चाललेला आनंदीबाईनं बघितला. मणका कुठं निखळला ते तो चाचपत होता. तिचं डोकंच फिरलं. "अवं, आधी धड रडा तरी! मेल्यावरबी त्याची पारख काय करताव?" हैबती म्हणाला, "ह्याला दुखलं किती येळ, ते कळाय नको?" थोडा वेळ तसाच बसून त्यानं मग डोळे पुसले. "नाय दुखलं," म्हणाला.

असा हा माणूस. बैल बघायला गेला की आधी बैलाकडं बघायचाच नाही. शेण बघायचा, गव्हाणीत काय उरलंय ते बघायचा, अंगणातल्या ओल्या मातीत उमटलेले खूर बघायचा. मग दात. मग खांद्यावर जुवाचा घट्टा कसा पडलाय ते. आणि सगळ्यात शेवटी पुठ्ठ्यावर तळहात टेकून डोळे मिटायचा. मालक बिचारा श्वास रोखून उभा. पार पाचाडापासून माणसं त्याला न्यायला यायची. चहा आणि सुपारीचं खांड एवढंच तो घ्यायचा, वर पैसा दिला तर रागवायचा. लस टोचायला गुरांचा डॉक्टर वाडीत आला की हैबती त्याच्या मोटारसायकलीला हात लावून उभा राहायचा. "डॉक्टर, बैलाला वरचे फुडले दात का नसतात? रवंथ करताना जबडा एकाच बाजूला का फिरवतो?" डॉक्टर दोनचार प्रश्नांची उत्तरं द्यायचा आणि पाचव्याला किक मारायचा.

आनंदीबाईला ह्याचा अभिमान वाटायचा, आणि डोकंही उठायचं. तिचा डावा पाय लहानपणी फणसावरून पडून मोडलेला, वैदूनं बांधला तो वाकडाच बसला. चालताना ओढायची. चाळीस वर्षांपूर्वी हैबती तिला बघायला आला, तेव्हा तिनं दाराआडून बघितलं होतं, ह्याची नजर सरळ पायांवर. वाडीतल्या बायकांना ती अजून सांगायची, "बाकीचे पुरुष तोंड बघतात गो. ह्यांनी खूर बघितले!" बायका हसून हसून लोळायच्या. पण एवढं बघूनही त्यानं हो का म्हटलं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तर चांद्या गेला, आणि त्याच्या जागी डावीकडं चालणारा, कोशाच्या उंचीचा बैल हवा होता. जोताचा बैल एका बाजूला शिकतो. उजवीचा डावीकडं जुंपला की दोन्ही बैलांचा जीव जातो आणि नांगर धरणाऱ्याचाही. हैबती गावोगाव फिरला. एका बैलाचं शेपूट त्याला आखूड वाटलं. एकाचे मागचे खूर पुढच्यांवर आदळत होते. एक चांगला होता, पण त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि हैबती म्हणाला, हे धुराचं पाणी नव्हे.

"आता मी येनार तुमच्या संगती," आनंदीबाईनं शेवटी सांगून टाकलं. "तुमच्यावर सोडलं तं पोळा येईल, आन आपण कोशाच्या शेजारी खांबाला झूल घालू."

महाडजवळच्या सव गावात एक बैल होता. दोघं एस्टीनं महाडला उतरली, पुढं टमटमनं गेली. बैल खरोखर देखणा. पांढरा, चार दात आलेला चौसा, डावीकडचा, उंचीला कोशाला तंतोतंत. मालकिणीनं चहा केला. हैबतीनं शेण बघितलं, दात बघितले, खांदा बघितला, पुठ्ठ्यावर हात ठेवला. त्याच्या तोंडावर हसू येताना आनंदीबाईनं बघितलं आणि तिनं मनातल्या मनात बैल घरी आणून गव्हाणीला बांधलाही. सुटकेचा श्वास टाकून ती गावातल्या गरम पाण्याच्या कुंडाकडं गेली, दुखरा पाय घटकाभर शेकून घ्यावा म्हणून.

परत येते तर हैबती बैलाला घेऊन ओढ्याच्या उतरणीवर. बैल खाली बघत होता, पाय आडवे टाकत होता.

"काय झालं आता?"

"सपाटीवरचा हाय. उतरणीला भितो."

"शिकंल की!"

"शिकंल ना. शिकताना एक पाय चुकला की चांद्याच्या वाटंनं."

मालकिणीनं रिकाम्या कपबश्या उचलल्या, जरा जास्तच आवाज करत. "बैल न्यायचा नसंल तं माणसांनी चहाला तरी येऊ नये," असं ती आत जाताना बोलली, दोघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आनंदीबाईचे कान तापले.

एस्टीत ती पोलादपूर येईपर्यंत पाय चोळत बसली. मग म्हणाली, "जगात बिनखोडीचा बैल देवानं केलाच नाय. तुम्हाला मात्र तोच पायजे."

"खोड दिसल्यावर न दिसल्यासारखं कसं करू?"

"लोकांना दिसत नाय, ते सुखानं नांगरतात."

"आन मंग बैल मेला की रडतात," हैबती म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. तेव्हा आनंदीबाईला उमगलं. हा माणूस बैल शोधत नव्हता. पुन्हा एकदा बांधाखाली बैलाचं डोकं मांडीवर घ्यावं लागणार नाही, ह्याची खात्री शोधत होता. ती कुणाच्या दावणीला मिळणार? तिला त्याची कीव आली, आणि रागही गेला नाही.

आषाढ लागला. पाऊस असा की समोरचा डोंगर दिवसदिवस दिसेना. मुंबईहून मुलाचा, भरतचा, फोन आला. "बाबांना सांग, टेन्शन नको. पॉवर टिलर बोलावलाय, एका दिवसात फिनिश." टिलर आला, खालची खाचरं त्यानं घरघर करत चिखलून दिली. वरच्या खाचरांची पायवाट बघून टिलरवाला हसला. "काका, हे मशीन हाय, माकड नाय."

वरची खाचरं राहिली. घरात शिमग्यानंतर शिजायचा भात तिथलाच. खालचं पीक दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कसंबसं पुरायचं. शिवाय डोंगरउतारावरचं खाचर एक पावसाळा पडून राहिलं की खेकडे बांध पोखरतात, एक बांध फुटला की त्याच्या खालचा फुटतो, आणि आजोबांनी दगड रचून केलेली जमीन ओढ्यातून सावित्री नदीला जाऊन मिळते. रोप तर लावायला आलं होतं. आणखी आठवडाभर राबात, रोपाच्या वाफ्यात, राहिलं की त्याला पेरं धरणार, मग लावून ना लावून सारखंच.

आनंदीबाई आणि सून कुदळी घेऊन वर गेल्या. सून तेजश्री अंगानं धडधाकट, पण कुदळीनं चिखल करणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, कमरेपर्यंत पाणी उडतंय, दुपारपर्यंत एक कोपरा झाला. तेजश्रीच्या तळहाताला फोड आले ते फुटले. आनंदीबाईचा वाकडा पाय चिखलात रुतला की उपटून काढताना खुब्यापर्यंत कळ जायची. ती दात खाऊन पुढचा घाव घालायची.

हैबतीनं एकट्या कोशाला चिखल सारखा करायच्या फळीला जुंपून बघितलं. कोसा दोन पावलं चालला आणि थांबला. मान डावीकडं वळवली. तिथं कुणी नव्हतं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा मान डावीकडं. हैबतीनं फळी सोडली आणि बैलाच्या गळ्याखालच्या पोळीवर हात फिरवत पावसात उभा राहिला.

"आई," तेजश्री हळूच म्हणाली, "महिपतकाकांचा मोऱ्या डावीकडंच चालतो ना?"

आनंदीबाईची कुदळ वरच्या वर राहिली. तिलाही तेच सुचलं होतं. फक्त तोंडातून काढायची हिंमत नव्हती.

झालं होतं असं, की गेल्या वर्षी पाचाडचा एक जण महिपतचा मोऱ्या विकत घ्यायला आला होता, आणि पारखीला त्यानं हैबतीला संगती आणलं. महिपत शेजारच्याच आळीतला, बालपणापासूनचा सोबती. त्याला वाटलं, आपलाच माणूस आहे, सांभाळून घेईल. हैबतीनं मोऱ्याच्या छातीचा घट्टा बघितला, गुडघे बघितले, पुठ्ठ्यावर हात टेकला, आणि महिपतच्या अंगणात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "बसका हाय. चिखलात बसतो." पाचाडकर आल्या पावली गेला. महिपत त्या दिवसापासून बोलला नाही. शिमग्यात पालखी अंगणात आली तेव्हाही त्यानं हैबतीकडं पाठ केली. त्याचाही जोडीचा दुसरा बैल थकून बसलेला, म्हणजे त्याचंही जोत अर्धंच होतं. पण अर्धं जोत घेऊन तो सरळ पलीकडच्या वाडीत सावडीला, दुसऱ्याच्या बैलाशी जोडी करून नांगरायला, जायचा, हैबतीच्या दारावरून.

रात्री जेवताना आनंदीबाईनं विषय काढला.

"बसक्या बैलानं वरची खाचरं व्हतात व्हय?" हैबती म्हणाला.

"कुदळीनं व्हतात का?"

हैबतीनं भाकरी मोडली, खाल्ली नाही. "मी काय खोटं बोललो व्हतो का गो?"

"खोटं नाय बोललात. त्याच्या दारात बोललात."

सकाळी दोघं महिपतच्या ओटीसमोर उभी राहिली. महिपत दावं वळत बसला होता. बस म्हणाला नाही. त्याची बायको उज्वला पाण्याचा तांब्या घेऊन आली, महिपतनं तिच्याकडं बघितलं, तरी तिनं तांब्या ठेवलाच. छपराचं पाणी हैबतीच्या खांद्यावर गळत होतं. आणखी एक पाऊल पुढं सरकला असता तर कोरडा राहिला असता, पण न बोलावता ओटीवर कसा चढणार?

"आता कोनाची खोड काढाय आलास?" महिपतनं दाव्यालाच विचारलं.

"बैल मागाय आलो."

"कुठला?"

"मोऱ्या."

"तो तं बसका."

"हाय."

महिपतनं दावं खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर वर्षभराचं दुखणं वर आलं. "मंग सांग परत. गेल्या साली सांगितलंस तसं. ह्याच अंगनात उभा राहून, सगळ्या खोडी सांग. आन मंग बैल माग."

आनंदीबाईला वाटलं, आता हा माणूस मागं फिरणार. ती वाकड्या पायावर भार टाकून घट्ट उभी राहिली, जणू त्याला अडवणार होती. पण हैबतीनं टोपी काढली. पाऊस सरळ डोक्यावर.

"चिखलात बसतो," तो म्हणाला. "फुडचा उजवा खूर जरा फाकलेला हाय. खांदा उतरता हाय, जू मागं सरतं." महिपत ऐकत होता, ओठ आवळून. "आन एक तेव्हा सांगितलं नव्हतं. डाव्या कानानं कमी ऐकतो."

महिपत चमकला. "काय म्हंतोस?"

"खरं सांगतो. तुज्या म्होरं बोलनार नव्हतो, पन तू सगळ्या सांग म्हनालास."

"कशावरनं?"

"हाक आली की दुसरा बैल कान हलवतो. हा मान हलवतो. उजवा कान फुडं करतो."

महिपत उठला. अनवाणी पावसात उतरून गोठ्यापाशी गेला आणि मोऱ्याच्या डाव्या अंगाला उभा राहून त्यानं हाक मारली. मोऱ्यानं मान वळवली, उजवा कान पुढं केला. महिपतनं पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच. "आयला," तो म्हणाला, "म्हनून हा माझं कधी ऐकत नाय! मी समजलो बायकोवर गेलाय." उज्वला आतून म्हणाली, "ऐकलं हां मी!" आनंदीबाईनं पदर तोंडाशी धरला. दोघं म्हातारे गोठ्यात शिरले, बैलाच्या दोन्ही अंगांनी टाळ्या वाजवून बघू लागले, आणि बैल मागायला आलोय ह्याचा हैबतीला विसर पडला. शेवटी तिनंच बाहेरून हाक दिली, "भावजी, बैलाचं काय?"

महिपत भानावर आला. तोंड पुन्हा कडक केलं, पण आता ते नीट जमेना. "आधी माझी खाचरं. मंग तुमची. आन मी संगती येनार. माझ्या बैलाला कोनी चाबूक लावनार नाय."

"नाय लावनार," हैबती म्हणाला.

महिपतची खाचरं आधी झाली, तिथं जोत महिपतनं धरलं आणि हैबती बांधबंदिस्तीला राहिला. मोऱ्या तिथं बसला की नाही ते बांधाच्या आडून कुणाला दिसलं नाही, आणि महिपतनं सांगितलंही नाही. मग जोत वर आलं. उजवीकडं कोसा, डावीकडं मोऱ्या. कोशानं मान डावीकडं वळवली, हुंगलं, आणि पुन्हा समोर बघितलं. हैबतीनं नांगराची रुमणी धरली. नांगराचा एक तास निघाला, दुसरा निघाला. लालसर पाणी फाळामागं उकळत होतं. आनंदीबाई बांधावर देवाचं नाव घेत उभी होती.

मधल्या खाचरात मोऱ्या बसला.

पुढचे गुडघे टेकले, मग मागचं अंग, आणि पोटाखालून भसकन चिखल उडाला. कोसा जुवाला लटकून तिरपा झाला. हैबतीनं धावत जाऊन जुपणी सोडली, कोशाला मोकळं केलं, आणि मोऱ्याच्या शेपटाकडं हात नेला. बसलेला बैल उठवायच्या त्याला नाना तऱ्हा येत होत्या. शेपूट पिरगाळणं, नाकपुड्या दाबणं, पोटाखाली वासा घालणं, कानात पाणी सोडणं.

"हात लावू नको!" बांधावरून महिपत ओरडला.

"अरे, बसलाय तो!"

"बसू दे."

"किती येळ?"

"त्याला पायजे तितका. तू हितं ये. बस."

हैबती चिखलात तसाच उभा. पाऊस, लावायला आलेलं रोप, निम्मं राहिलेलं खाचर, आणि मधोमध रवंथ करत बसलेला बैल. आनंदीबाईला रडू फुटायचंच बाकी होतं. एवढी मान खाली घातली ती ह्याच्यासाठी! महिपतनं मात्र कागदाखाली विडी पेटवली आणि शांत झुरके घेत राहिला. विडी संपत आली. मोऱ्यानं एकदा फुसकारा टाकला, मागचं अंग उचललं, मग पुढचं, आणि अंग झाडून उभा राहिला. कुणी न बोलावता पावलं टाकत कोशाच्या डावीकडं आला आणि जुवाखाली मान द्यायला तयार झाला.

महिपतनं विडी विझवली. "तो बसतो एवढं तुला कळलं हैबती," तो म्हणाला. "तो उठतो, ते मला म्हायत हाय."

आनंदीबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. दुसरा कुणी असता तर खजील झाला असता, नाहीतर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पारखी म्हणून पन्नास वर्षं मिरवलं, आणि आज आपल्याच शेतात, सुनेसमोर हे ऐकावं लागलं. पण हैबतीचे डोळे लकाकले होते. तो चिखल तुडवत बांधापाशी आला, महिपतच्या पायाशी बसला.

"रोज बसतो?"

"चिखलात एकदा. कधी दोनदा."

"सकाळी का उन्हं वर आल्यावर?"

"पोट भरलेलं असंल तं लवकर."

"उठताना आधी मागला डावा टाकतो का उजवा?"

"आता ते कोन बघतंय रे बाबा!"

"मी बघितलं. उजवा टाकला. पन एकदा बघून काय कळनार?" आणि तो हसला. "पन्नास वर्सं बैलात गेली महिपत, आन ह्ये मला म्हायतच नव्हतं!"

असं म्हणाला, की जणू कुणी त्याला आयता बैल बक्षीस दिला. चिखलानं भरलेलं तोंड, पांढरी दाढी गळतेय, आणि खुशी अशी! आनंदीबाईला त्या क्षणी नवऱ्याचा एवढा अभिमान वाटला की तिनं पटकन दुसरीकडं बघितलं. वाडीत कमी कळणारे पुष्कळ होते, आणि तेवढ्यावर ताठ होते. ह्याला इतकं कळून ह्याची भूक काही सरत नव्हती.

"आता तरी पुरं झालं का शिकून?" महिपतनं विचारलं. "लोक म्हंतात ते खोटं नाय. जादा कळलं की मानसाचं काम आडतं."

हैबतीनं विचार केला. खरंच केला, मोऱ्याकडं बघत. "जादा कुठं कळलं व्हतं? निम्मं कळलं व्हतं. निम्म्यानंच आडलं. तुझा सौदाबी त्या निम्म्यानंच मोडला."

"आन सगळं कळलं असतं तं काय सांगितलं असतंस त्या पाचाडवाल्याला?"

"बसतो, पन आपला आपन उठतो."

"मंग घेतला असता त्यानं?"

हैबतीनं पुन्हा विचार केला. खोटं त्याला जमायचंच नाही. "नसता घेतला."

महिपत जोरात हसला, हसता हसता खोकला. "मंग निम्मं कळलं काय आन सगळं कळलं काय, सौदा मोडनारच व्हता. आन मोऱ्या गेला असता तरी मला काय... छट्! कसा जाऊ दिला असता? त्या दिवशी तो माघारी फिरला ना हैबती, रागानं मी लाल झालो, पन रात्री गोठ्यात जाऊन ह्याला मिठी मारून आलो." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो घाईघाईनं जू उचलायला गेला.

मोऱ्या त्या दिवशी आणखी एकदा बसला. तेव्हा कुणी ओरडलं नाही. तेजश्रीनं तेवढ्यात भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. हैबती भाकरी हातात धरून बैलाच्या मागल्या पायांकडं बघत होता, तो उठेपर्यंत त्यानं घास घेतला नाही. "उजवाच!" तो ओरडला.

दुसऱ्या दिवशी वरची लावणी. उज्वलाही आली. चौघी बायका ओणव्या होऊन मागं मागं सरकत रोप टोचत होत्या. हो, चौथी महिपतची सून दिशा. नवी होती, तिच्या ओळी वाकड्या जात होत्या आणि सगळ्या तिची टिंगल करत होत्या. शेवटच्या खाचरात हैबती फळी फिरवत होता, महिपत बांधाची भोकं दगडमातीनं बुजवत होता. आनंदीबाईच्या पायात पहाटेपासून गोळे येत होते. ती कुणाला बोलली नव्हती. रोपाची मुठी घ्यायला वळली, वाकडा पाय खोल गेला, काढायला गेली तो दुसराही सरकला, आणि ती बदकन चिखलात बसली. कमरेपर्यंत.

"अगो बाय!" उज्वला ओरडली. तेजश्री हातातली मुठी टाकून धावली. महिपत बांधावरून उतरला. आनंदीबाईला लाजेनं मरणं झालं. आता दोघीतिघी काखेत हात घालून उपटणार, घरी जा म्हणणार, आणि उद्यापासून हिला शेतात आणू नका म्हणून वाडी बोलणार.

"थांबा!"

हैबतीचा आवाज होता. फळीवर उभा, बैलांचे कासरे हातात. जागचा हललाही नव्हता.

"कोनी हात लावू नका तिला," तो म्हणाला. "ती उठते."

"बाबा, पाय दुखत असंल आईंचा!" तेजश्री म्हणाली.

"दुखतो. चाळीस वर्सं दुखतोय. आधी डावा हात टेकंल, मंग उजव्या गुडघ्यावर येईल, मंग वाकडा पाय काढंल. मला म्हायत हाय. रोज विहिरीवर बघतो."

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. पाऊस तेवढा पडत होता. इतकी वर्षं आनंदीबाई डोक्यावर हंडा घेऊन पाय ओढत विहिरीची चढण चढायची, आणि हा गोठ्यात पाठ करून शेण काढत असायचा, असं ती समजत होती. मग तिला फणकारा आला. फणकारा आला आणि डोळेही भरले, बरं झालं तोंडावर पाऊसच होता.

"मला बैलात काढलंत व्हय?" ती बसल्या जागेवरून ओरडली.

"तू उठ तं आधी!"

तिनं डावा हात टेकला. मग तो परत उचलला, मांडीवर ठेवला, आणि चिखलात आणखी ऐसपैस मांडी घातली.

"उठते," ती म्हणाली. "मला पायजे तेव्हा. तंवर तुमी बघा."

महिपतनं बांधावर बसून विडी काढली. हैबती फळीवर उभा राहून बायकोकडं बघत राहिला.